हिशेब उघडे, गृहभेटीचे अहवाल बंद

नमस्कार सर. शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थांनी, कोणता कागद कुणापर्यंत जावा हे सांगणाऱ्या लाल-पिवळ्या-हिरव्या खुणा आपल्या कागदांवर कराव्यात, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचे आक्षेप थोडक्यात असे: स्वयंसेवी काम विश्वासावर चालतं, सरकारी खात्यासारखे शिक्के आले की कार्यकर्ता दुरावतो. गोपनीयतेच्या आडून पदाधिकारी हिशेब दडपतात. आणि व्हॉट्सॲपच्या जमान्यात खुणेला विचारतो कोण?

हिशेबाचं आधी घेते, कारण तुमचा तो मुद्दा सगळ्यात वजनदार आहे. ऑडिट रिपोर्ट, विश्वस्तांची यादी, सभेचे ठराव, कोणत्या कामावर किती खर्च झाला, मुलांची निवड कोणत्या निकषांवर होते, यातल्या कशावरही लाल खूण मारणाऱ्या सचिवाला जाब विचारायलाच हवा. हे सगळं हिरवं, कुणीही मागावं आणि बघावं. पण उघडेपणाची जी परंपरा तुम्ही सांगता तिच्यातही ही रेघ आहेच. राजस्थानातल्या जनसुनवायांत, म्हणजे जाहीर सुनावण्यांत, सरकारी कामांवरच्या मजुरांचे हजेरीपट गावासमोर वाचले गेले. त्या लढ्यातून पुढे आलेल्या २००५च्या माहिती अधिकार कायद्याने मात्र कलम ८ मध्ये व्यक्तीच्या खासगी माहितीला अपवाद ठेवला. सरकारने पैसा कुठे घातला हे गावाला कळायला हवं. अमक्याच्या आईला कोणतं दुखणं आहे, हे कळायचं काही कारण नाही.

आता गृहभेटीचा अहवाल घ्या, निवडीआधी दोन कार्यकर्ते मुलाच्या घरी जाऊन लिहितात तो. त्यात काय नसतं? वडील कशाने गेले, सावकाराचं किती देणं आहे, दिराशी जमिनीवरून काय वाद चाललाय, कुणाला औषधं सुरू आहेत. सोबत उत्पन्नाचा दाखला, पासबुकाचं पहिलं पान, आधारची झेरॉक्स. खजिनदाराला यातलं फक्त नाव, खातं क्रमांक आणि आयएफएससी लागतो. शनिवारी गणित शिकवायला जाणाऱ्या मुलाला इयत्ता आणि फोन पुरतो. देणगीदाराला मुलं किती, पैसे किती आणि पुढच्या वर्गात किती गेली एवढं कळलं की झालं. तरीही बहुतेक ठिकाणी ही एकच पीडीएफ तिघांनाही जाते, कारण वेगळी करायला वेळ नसतो.

बरं, हा केवळ सभ्यतेचा प्रश्न नाही. एचआयव्हीबाबतच्या २०१७च्या कायद्यानुसार विश्वासाने सांगितलेली दुसऱ्याची एचआयव्ही स्थिती त्याच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही, आणि ती संमती लेखी नोंदवावी लागते. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचं नाव, पत्ता, अगदी शाळासुद्धा प्रसिद्ध करायला मनाई करतं. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘आम्ही नाव काढलंय’ हे उत्तर म्हणूनच पुरत नाही. ‘इयत्ता दहावी, वडिलांची आत्महत्या, आई अंगणवाडी मदतनीस’ एवढं लिहून वर गावाचं नाव टाकलं, तर लहान गावात मदतनीस एकच असते.

रंगांची कल्पना माझी नाही. सायबर सुरक्षेतले लोक ‘ट्रॅफिक लाइट प्रोटोकॉल’ वापरतात, २०२२ साली त्याची दुसरी आवृत्ती आली. त्यातला मला आवडलेला नियम असा की माहिती किती दूर जाईल हे ती देणारा ठरवतो. घेणाऱ्याला ती त्यापुढे न्यायची असेल तर त्याने परत येऊन विचारायचं. म्हणून नुसता ‘गोपनीय’ शिक्का मलाही नको आहे, वाचणाऱ्याने काय करायचं हे त्यातून कळत नाही. त्याऐवजी प्रत्येक पानाच्या माथ्यावर लिहा: ‘लाल. भेट देणारे दोघे आणि निवड समिती. पुढे पाठवण्याआधी तालुका समन्वयकाला विचारा.’ प्रत्येक पानावर, कारण लोक मधल्याच पानाचा फोटो काढतात. फाइलच्या नावाची सुरुवातही रंगानेच करा.

व्हॉट्सॲपवर मुद्दाम फोडणाऱ्याला हे अडवणार नाही, हे खरं. पण फोडणारे असतात किती? ‘फार हुशार पोरगी आहे हो, बघा कुणी मदत करतंय का’ म्हणून खातं क्रमांकासकट अहवाल नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकणारा माणूस चांगलाच असतो. खूण त्याच्यासाठी आहे. गूगल ड्राइव्हवरची ‘लिंक असलेला कुणीही’ ही सेटिंग त्याच्याही आधी बंद करा.

आणि कार्यकर्ता दुरावतो म्हणता, तर कॉलेजातून नव्याने आलेल्यांना एकदा विचारून पाहा. काय बोलायचं आणि काय नाही हे कुणीच न सांगितल्यामुळे ते जास्त बिचकतात. नियम जाचतो तो बहुतेकदा आम्हा जुन्यांना. धनादेश वाटपाच्या कार्यक्रमात माइक हातात आला की आम्ही मुलीला शेजारी उभी करून तिच्या घरची कर्मकहाणी सभागृहाला ऐकवतो. तिच्या आईने आपलं दुःख ओट्यावर बसलेल्या, गृहभेटीला आलेल्या दोघांना सांगितलेलं असतं. विश्वास म्हणायचा तर तो त्या आईचा आहे, आणि तो आपण वाटत सुटतो.

सगळंच लाल होईल, ही तुमची भीती रास्त आहे. म्हणून लाल खूण करणाऱ्याने स्वतःचं नाव आणि एका ओळीत कारण लिहायचं. ते सुचत नसेल तर कागद पिवळा, म्हणजे संस्थेतल्या सगळ्यांसाठी. दर जूनमध्ये निवड संपली की लाल गठ्ठा पुन्हा चाळायचा.

जुन्या फायलींबद्दल तुम्ही विचारलंय. ऑडिटला लागणारी व्हाउचरं वेगळी काढून ठेवा. निवड न झालेल्या मुलांचे अहवाल आणि झेरॉक्स ठेवायचं काहीच कारण नाही, ते फाडून टाका, रद्दीत देऊ नका. पुढच्या वर्षीपासून मास्क केलेलं आधार घ्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. खजिनदार कुरकुर करतील, पण पैसे खातं क्रमांकावर जातात, आधारच्या झेरॉक्सवर नाही.