माझं 'कृपया' कापलं गेलं

परवा नगरपरिषदेच्या आवक-जावक खिडकीवर माझं 'कृपया' कापलं गेलं. पाठोपाठ 'महोदय' गेलं, 'नम्र' गेलं, दोन 'व' गेले आणि एक 'तसेच' गेलं. उभा जन्म शाळेत मराठी शिकवण्यात घालवलेल्या माणसाच्या मजकुरावर, बगलेत मेथीची जुडी धरलेल्या कुण्या गृहस्थाने नखाने रेघा ओढाव्यात, हे दुःख अजून घशाखाली उतरलेलं नाही.

प्रकरण बाकांचं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी तीन सिमेंटचे बाक बसवले. तिन्हींची तोंडं भिंतीकडे. मधलं अंतर मी शाळेतल्या फूटपट्टीने मोजलं, ते सव्वा फूट भरलं. बसलं की गुडघे भिंतीला टेकतात आणि नाकासमोर 'येथे लघवी करू नये' येतं. रस्ता, माणसं, भाजीची गाडी, सगळं पाठीमागे. शाळेत वात्रट पोरांना कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभं करायचो, तो सूड कुणी उगवला असावा असं आधी वाटलं. पण बाक सगळ्यांसाठीच तसे होते.

म्हणून माहिती अधिकाराचा अर्ज. जोडपत्र 'अ', १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आणि मागणी साधीच: अंदाजपत्रक, कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेची नक्कल, देयक, आणि बाकांचं तोंड भिंतीकडे करायचं कुणी ठरवलं. कायद्याच्या कलम ६(२) प्रमाणे माहिती कशाला हवी हे सांगावं लागत नाही. खिडकीतल्या बाबूंना ते पाठ असावं. 'कशाला हवी' असं त्यांनी विचारलंच नाही. "रिटायर झालात का?" एवढंच विचारलं.

मग त्यांनी पेनाचं टोक कागदावर ठेवलं आणि पुटपुटत अर्जातले शब्द मोजायला लागले. "एकशे एकाहत्तर. दीडशेच्या वर चालत नाही, साहेब. नियम आहे."

"मग कमी करा की," मागून आवाज आला.

हेच ते मेथीवाले. घरपट्टी भरायला आले होते, पण त्या खिडकीवर 'जेवणाची सुट्टी' अशी पाटी, त्यामुळे त्यांच्याकडे वेळ भरपूर. माझा अर्ज त्यांनी न विचारता हातात घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि कामाला लागले.

"'महोदय' कशाला? पत्ता वर आहे, तो मोजत नाहीत. हे मोजतील. काढा."

"अहो, पण शिष्टाचार..."

"'कृपया माहिती मिळावी.' मिळावी म्हटल्यावर कृपा आलीच की त्यात. काढा." नखाची रेघ. "'सदर बाकां विषयी.' हे दोन का लिहिलेत? शब्दयोगी अव्यय जोडून लिहायचं असतं ना, गुरुजी?"

मी गुरुजी आहे हे त्यांना कसं कळलं, देव जाणे. ती तोडफोड टायपिंगवाल्या पोराची होती, हे मी तीनदा सांगितलं. खिडकीतले बाबू हसले. 'बाकां विषयी'चं 'बाकांविषयी', 'गल्ली मधील'चं 'गल्लीतील', 'झालेला एकूण खर्च'चा 'एकूण खर्च'. नववीच्या वर्गाला वर्षभर घसा कोरडा करून जे शिकवता आलं नाही ते या माणसाने उभ्या उभ्या करून दाखवलं. मध्येच जुडी दुसऱ्या बगलेत गेली, तेव्हा मेथीची दोन पानं माझ्या स्टॅम्पवर पडली. तीही त्यांनीच फुंकली.

"एकशे एकोणपन्नास," शेवटी ते म्हणाले. मी चुकून "धन्यवाद" म्हटलं. "बघा, एवढ्यासाठी एक शिल्लक ठेवलाय," म्हणाले.

बाबूंनी पुन्हा वाचलं. "एका अर्जात एकच विषय चालतो. बाक हा एक विषय. तोंड हा दुसरा. त्याला वेगळा अर्ज, वेगळा स्टॅम्प."

"बाकाचं तोंड बाकालाच असतं ना!" माझा आवाज चढला.

"अहो गुरुजी," मेथीवाले शांतपणे म्हणाले, "तोंडाचं कशाला विचारताय? नाव पाठीवर आहे. पाठ भिंतीकडे केली तर नाव वाचणार कोण?"

मी गप्प. रोज तिथून जातो. पाठीवरची लाल ऑइलपेंटमधली अक्षरं रोज वाचतो. सन्माननीय, कार्यसम्राट, लाडके, यांच्या प्रयत्नांतून, यांच्या शुभहस्ते. तिन्ही बाकांवर तेच. दीडशेची अट तिथे कुणी घातलेली नाही.

तोंडाचा अर्ज मी त्या दिवशी दिलाच नाही. उत्तर मिळालं होतं, फक्त ते आवक-जावकला नोंदलेलं नव्हतं. बाकांच्या अर्जाची पोच घेतली. ३० दिवस थांबायचं, मग पानाला २ रुपये. नाहीच मिळालं तर २० रुपये भरून पहिलं अपील. खरं तर कलम ४ म्हणतं की खर्चाची असली माहिती कार्यालयाने आपणहून मांडून ठेवावी. देशाचा कायदा २००५ मध्ये आला, आपल्या राज्याने त्याआधीच, २००२ मध्ये, स्वतःचा केला होता, हे भाषणांत ऐकून आपण मान डोलावतो. आणि तीन बाकांची किंमत विचारायला निवृत्त मास्तराला समास सोडवत उभं राहावं लागतं. घरी येऊन नियम काढला. त्यात अर्ज '*साधारणपणे*' दीडशे शब्दांपेक्षा मोठा नसावा असं आहे. तो 'साधारणपणे' त्यांनी ठेवला आणि माझं 'कृपया' कापलं.

संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी पोरं बसली होती. बाकांवर नव्हेत, पाठीच्या कठड्यावर, रस्त्याकडे तोंड करून. पाय खाली सोडलेले आणि टाचा सन्माननीयांच्या नावावर टकटक आपटत होत्या. मधल्या बाकावरचा 'कार्यसम्राट' घासून 'सम्राट' उरलाय आणि 'लाडके' जवळजवळ गेलं आहे. पुन्हा रंग मारायची निविदा निघेलच. तो मात्र वेगळा विषय, स्टॅम्प आताच आणून ठेवलाय.