बॅटरी नाही गेली, अर्थिंग सडलंय!

जुनी गाडी सकाळी नुसती ‘कट्’ करून गप्प बसली की नाशकात निदान ठरलेलं. सातपूरला न्या, मुंबई नाक्याला न्या, पंचवटीत न्या, बॉनेट धड उघडायच्या आत उत्तर येतं, ‘साहेब, बॅटरी गेली.’ मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट-अँपिअर मोजायचा मीटर? तो ड्रॉवरमध्ये, आतला सेल कधीच संपलेला. चार हजारांची नवी बॅटरी बसते, आठवडाभर बरं चालतं आणि पुन्हा ‘कट्’. मग ‘सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी स्टार्टर मोटर) खोलावा लागेल’. मग ‘अल्टरनेटर (चालत्या इंजिनवर बॅटरी चार्ज करणारा) बघू’. सगळं बदलून झाल्यावर दोष निघतो तो इंजिन आणि बॉडीच्या मधल्या दीड-दोनशे रुपयांच्या अर्थिंगच्या, म्हणजे करंट बॅटरीकडे परत नेणाऱ्या, पट्टीत! ज्या गावात अंबड-सातपूरच्या कारखान्यांतली पोरं मायक्रॉनमध्ये मापं घेतात, त्याच गावात गाडीला मीटर लावायचा एवढा कंटाळा?

आणि मीटर लावला तरी कसा लावतात ते बघा. वायरच्या दोन टोकांना पिना टेकवायच्या, ‘बीप’ वाजलं की ‘वायर ओके’. अहो, वीस-तीस ओहम रेझिस्टन्स असला तरी बहुतेक मीटर बीप करतात. सेल्फ मारताना शंभरेक अँपिअर ओढले जातात. वाटेत फक्त ०.०२ ओहमचा अडथळा असला तरी २ व्होल्ट तिथेच खाल्ले गेले. एवढा बारीक रेझिस्टन्स साध्या मीटरवर दिसतच नाही, कारण त्याच्या पिनांच्या वायरींचाच त्याहून जास्त असतो. दहा तारांपैकी नऊ तुटलेली केबलसुद्धा बीप करते आणि लोड नसताना १२ व्होल्टही दाखवते. लोड पडला की झोपते.

म्हणून तपासायचं ते लोड असताना, आणि याला पाच मिनिटं पुरतात. पेट्रोल गाडी असेल तर इग्निशन कॉइलचा कपलर (वायरचा प्लग) काढा, म्हणजे इंजिन चालू होणार नाही. मीटर डीसी २० व्होल्टवर. एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हच्या शिशाच्या खुंटावर, क्लॅम्पवर नाही, खुंटावरच! दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर. आता कुणाला तरी तीन-चार सेकंद सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टच्या आत आकडा आला तर अर्थिंग चांगलं. अर्धा व्होल्ट किंवा वर गेला तर चोर याच बाजूला आहे. मग खुंट ते क्लॅम्प, क्लॅम्प ते बॉडी, बॉडी ते इंजिन असं एकेक टप्प्याने सरका. ज्या टप्प्यावर आकडा उडी मारेल तिथे पाना लावा. पॉझिटिव्हला तसंच, खुंटापासून सेल्फच्या जाड बोल्टापर्यंत अर्ध्या व्होल्टच्या आत.

त्याच वेळी बॅटरीच्या दोन खुंटांवरही बघा. सेल्फ मारताना ९.६ व्होल्टच्या वर राहायला हवी. सेल्फ नुसता ‘कट्’ करतोय आणि बॅटरी ११ च्या वर ठाम उभी आहे, तर त्या बिचारीचा काय गुन्हा? तिच्यातला करंट पुढे जातच नाहीये. केबल, सॉलेनॉइड (सेल्फला करंट जोडणारा स्विच) नाहीतर सेल्फचे कार्बन ब्रश बघा. आठच्या खाली आपटली तर मात्र बॅटरी कमजोर किंवा सेल्फ जाम, एवढं खुशाल म्हणा. पण आधी ती पूर्ण चार्ज होती ना? रात्रभर उभ्या गाडीत १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी. डिसेंबरात निफाडकडचा गारठा शहरात उतरला की बॅटरीचा जोर तसाही कमी होतो आणि ऑइल घट्ट होतं. वर्षभर खपून गेलेलं खराब अर्थिंग नेमकं तेव्हा उघडं पडतं, आणि बॅटऱ्यांचा धंदाही तेव्हाच तेजीत.

अर्थिंग सडतं कशाने? निम्म्या वेळा डेंटिंग-पेंटिंगमुळे. अर्थचा बोल्ट, वॉशर, खालचा पत्रा, सगळ्यावर एकसारखा रंग मारून मोकळे! गाडी चकाचक आणि करंटला वाट नाही. उरलेल्या वेळी चार पावसाळ्यांचा गंज. बोल्ट काढा, पॉलिश पेपरने पत्रा आणि थिंबल (वायरच्या टोकाची धातूची कडी) चकचकीत होईपर्यंत घासा, घट्ट आवळा, मग वरून व्हॅसलिन. आधी नाही, नंतर. इंजिनची पट्टी पूर्ण तुटली असेल तर करंट ॲक्सिलरेटर किंवा क्लचच्या केबलमधून परतीची वाट शोधतो आणि केबल तापते. मग काय, केबलही बदला!

मागच्या दिव्यांचं तेच. ब्रेक दाबला की त्याच बाजूचा इंडिकेटर मिणमिणतो, तर बल्ब बदलत बसू नका. होल्डरचं अर्थ सुटलंय म्हणून करंट शेजारच्या फिलॅमेंटमधून घरी जातोय.

फ्युजचा प्रकार तर संतापजनक. १५ चा निळा उडाला की ३० चा हिरवा, तोही उडाला की तांब्याची तार. आता फ्युज जळणार नाही, वायरिंग जळेल. त्यात कंपनीच्या ६०/५५ वॉटच्या जागी १००/९० चे बल्ब, रिले (जास्त करंट परस्पर जोडणारा स्विच) न टाकता. दोन्ही मिळून १० अँपिअरचे जवळजवळ १७ झाले, आणि ते सगळे स्टिअरिंगखालच्या स्विचमधून. स्विच वितळला की ‘माल डुप्लिकेट होता’. वायरला वायर पिळून टेप गुंडाळणारे वेगळेच. इंजिनच्या उष्णतेने टेपचा डिंक पाझरतो, टेप सुटते आणि आत तांबं हिरवं पडलेलं असतं.

बॅटरी रात्रीत उतरते म्हणून ती बदलणाऱ्यांना एक साधा हिशेब: डिकीतला ५ वॉटचा दिवा बंद झाला नाही तर ०.४ अँपिअर जातात. ३५ एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी दोन दिवसांत अर्ध्यावर. मीटर १० अँपिअरवर घ्या, लाल पिन त्याच्या १० अँपिअरच्या भोकात घाला आणि निगेटिव्ह वायर काढून मध्ये जोडा. सेल्फ मारू नका, मीटर जाईल. ५० मिलिअँपिअरच्या आत ठीक. जास्त असेल तर एकेक फ्युज उपटा, आकडा पडेल ते सर्किट दोषी. कुठल्याच फ्युजने पडला नाही तर अल्टरनेटरची जाड वायर सोडून बघा, त्यातला डायोड (करंट उलटा जाऊ न देणारा भाग) लीक असू शकतो.

आणि चालू गाडीत बॅटरीची वायर उपटून ‘गाडी बंद पडत नाही, म्हणजे अल्टरनेटर ओके’ म्हणणारे महाभाग! व्होल्टेज त्या क्षणी कुठल्या कुठे उसळतं, रेग्युलेटर, डायोड आणि एमपीएफआय (इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शनच्या) गाडीचा ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, एका फटक्यात जाऊ शकतो. अरे, गाडी चालू ठेवून दोन खुंटांवर मीटर टेकवायचा, १३.८ ते १४.४ बघायचं. बाकी कशालाही हात लावायची गरज नाही.