छऱ्याला तेल लावायचं का बे?

निकाल सगळ्यांना ठाऊक होताच, त्यामुळं सोलापूरच्या पार्क चौकातल्या आमच्या कट्ट्यावर चिक्याला कुणी मार्क विचारले नाहीत. एअर रायफलच्या सरावात पोरगं छान मारत होतं आणि स्पर्धेत पार घसरलं, एवढं पुरे. सर (चिक्याचे आजोबा, गणिताचे निवृत्त शिक्षक) काही न बोलता आले आणि चहाच्या ग्लासांशेजारी एक ड्रॉपरची बाटली ठेवली. सिलिकॉन तेलाची.

"ही कुणाची?"

कुणाची ते सगळ्यांना कळलं. कॅप्टननं टोपी सरळ केली. कॅप्टन सैन्यात कधी नव्हता, पण मिलिटरी कापडाची टोपी उतरवत नाही. पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी) बंदूक घेतल्यापासून तर व्हिडिओ बघून कट्ट्यावर रोज तास घेतो.

"माझीच. मीच दिली चिक्याला, छऱ्यांना लावायला. सर, घर्षण कमी झालं की स्पीड वाढतो. स्पीड वाढला की छर्रा सरळ जातो. साधं सायन्स आहे."

"सायन्स साधंच असतंय," जॉबरमामा म्हणाले. "तू अर्धंच ऐकलंस."

जॉबरमामांचं आयुष्य अशोक चौकाच्या मागच्या गल्ल्यांत माग दुरुस्त करण्यात गेलं. बोटांच्या रेघांतलं काळं अजून निघत नाही. त्यामुळं कॅप्टनला वाटलं, तेलाच्या बाबतीत तरी मामा आपल्या बाजूनं बोलतील.

"मामा, तुम्ही तर जन्मभर तेलच घातलं की."

"म्हणूनच सांगतोय बे. कुठं घालायचं नाही, ते घालणाऱ्यालाच जास्त कळतं. मागाच्या बेअरिंगला तेल लागतं. सुताला एक थेंब लागला की चादर सेकंडच्या, म्हणजे खराब मालात जाते. तुझा छर्रा बेअरिंग नव्हे, सूत आहे."

बापू एवढ्या जोरात हसला की चहा सांडला. कॅप्टन म्हणाला, चादरीचा आणि नेमबाजीचा संबंध काय.

सरांनी चिक्याच्या खिशातली डबी मागितली आणि त्यातला एक छर्रा तळहातावर घेतला. सगळे वाकून बघायला लागलो. साडेचार मिलिमीटरचा, अर्ध्या ग्रॅमच्या आसपास वजनाचा शिशाचा तुकडा. पुढं सपाट डोकं, मधे बारीक कंबर, मागं पोकळ घेर. हवेचा दाब त्या पोकळीत शिरला की मऊ घेर पसरतो, नळीतल्या पिळाला (आतल्या पिळदार खाचांना) घट्ट धरतो आणि छर्रा फिरत बाहेर पडतो. सगळी करामत त्या घेराची. आणि चिक्याच्या छऱ्याच्या घेरात काय होतं? तेलाचा थेंब, त्याला चिकटलेली खिशातली लव आणि आपल्या सोलापूरची धूळ. सरांनी दुसरा छर्रा काढला, तो जवळजवळ कोरडा. तिसरा दोन्ही बाजूंनी ओला. कागदावर तिन्ही फिरवले, तीन वेगळे डाग पडले.

"हे बघ," सर म्हणाले, "एकाच डबीतले तीन छर्रे, आणि तिघांची जात वेगळी झाली. नेमबाजीत वेग किती, हा प्रश्न नंतरचा. आधी प्रत्येक वेळी तोच वेग येतो का, ते विचार."

मग त्यांनी पेपरच्या कडेला गणित मांडलं. स्पर्धेतल्या दहा मीटरच्या रायफलचा छर्रा सेकंदाला साधारण १७० मीटरनं जातो. लक्ष्यापर्यंत पोचायला त्याला सेकंदाचा सतरावा भाग लागतो आणि तेवढ्यात तो १७ मिलिमीटर खाली येतो. वेग पाच टक्क्यांनी घटला तर पावणेदोन-दोन मिलिमीटर आणखी खाली. आणि टार्गेटवरच्या एका वर्तुळापासून पुढचं वर्तुळ केवढं लांब? अडीच मिलिमीटर. मधला दहाचा ठिपका तर अर्धा मिलिमीटर. कधी थेंब जास्त, कधी कमी, म्हणजे पोरानं श्वास रोखून केलेली मेहनत त्या बाटलीनं खाल्ली.

कॅप्टन थोडा वेळ गप्प बसला. पण गप्प राहणं त्याच्या स्वभावात नाही.

"बरं, मग स्वप्नील कुसळेचं काय? २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकला नेमबाजीत ब्राँझ आणलं. त्याच्या पॉइंट टू टू (.२२) बोअरच्या गोळीला कारखान्यातूनच वंगण लावलेलं असतं. तो येडा आहे का?"

हा मुद्दा खरा होता आणि क्षणभर सगळे सरांकडं बघायला लागले. उत्तर मात्र चिक्यानं दिलं, तोपर्यंत त्याच्या तोंडून एक शब्द निघाला नव्हता.

"काका, ती ५० मीटर आहे. त्या गोळीत बंदुकीची दारू असते. गोळी सेकंदाला तीनशे मीटरच्या वर जाते. वंगण नसेल तर शिसं नळीला चिकटतं. आणि ते वंगण मशीननं लावलेलं असतं, सगळ्या गोळ्यांना सारखं. माझी हवेची आहे."

"ऐकलंस?" जॉबरमामा म्हणाले. "पोराला कळतं. टोपीला कळत नाही."

कॅप्टननं लगेच कोल्हापूरवर घसरायचा प्रयत्न केला. तेजस्विनी सावंत तिकडची, राही सरनोबत तिकडची, स्वप्नील तिकडचा, सोलापूरला काय मिळालं, वगैरे. बापू म्हणाला, सोलापूरला तू मिळालास. मग विषय भरकटला तो थेट चिमणीवर गेला. विमानांना अडथळा होते म्हणून साखर कारखान्याची चिमणी पाडली तेव्हा कॅप्टननं विमानाच्या बाजूनं एवढा आरडाओरडा केला होता, की जॉबरमामांनी त्याच्याशी अबोला धरला होता. मामांना तो राग अजून आहे. "तेव्हाही तू असंच म्हणालास, साधं सायन्स आहे," असं त्यांनी आठवून सांगितलं. वरून सरांनी नान्नजचं काढलं. बंदूक नवी होती तेव्हा कॅप्टन माळढोकच्या अभयारण्याच्या बाजूला "पल्ला बघायला" निघाला होता. सरांनी त्याला १९७२ चा वन्यजीव कायदा पाठ करून दाखवल्याशिवाय गाडीची किल्ली परत दिली नव्हती. बरं केलं. बंदूक हातात आली की आधी पाखराकडं बघणारा माणूस मला सहन होत नाही.

चहाची दुसरी फेरी आली तेव्हा गाडी रुळावर आली, तीही बापूमुळं. बापूच्या वडलांचा गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर फुगे फोडायचा स्टॉल असायचा.

"आमच्या बंदुकीत तेल असायचं बे. बाबा स्वतः सोडायचे."

"बघा!" कॅप्टन उठूनच उभा राहिला.

"अरे, नेमासाठी नाही. आवाजासाठी. तेल टाकलं की बार फटाक्यासारखा वाजायचा, नळीतून धूर यायचा. दोन स्टॉल सोडून गर्दी आमच्याकडं यायची. नेम लागू नये म्हणून तर माशी, नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण, वाकडी करून ठेवायचे बाबा!"

सगळा कट्टा हसला, पण बापूनं सांगितलं तेच या वादातलं सगळ्यात धोक्याचं प्रकरण आहे. स्प्रिंगच्या बंदुकीत पिस्टन हवा एवढ्या झटक्यात दाबतो की ती भयंकर तापते. तिथं तेलाचा अंश पोचला की तो पेटतो, डिझेलच्या इंजिनात पेटतो तसाच. एक बार जोरात, पुढचा मऊ, तिसरा पुन्हा जोरात. नेम तर जातोच, वर सील जळतं, स्प्रिंग तुटते. आणि कॅप्टननं आपलं ज्ञान गल्लीतल्या स्प्रिंगवाल्या पोरांनाही वाटलंय. सिलिकॉन नसेल तर शिलाई मशीनचं तेल चालेल, म्हणून. हे ऐकून जॉबरमामा खरंच चिडले.

"कुणाच्या डोळ्यात काही उडालं तर तू जबाबदार. उद्या जाऊन सगळ्या पोरांना सांगून यायचं. मी बरोबर येतो."

कॅप्टनची बाजू अगदीच पोकळ होती असं नाही, तेही लिहायला हवं. त्याची स्वतःची पीसीपी ताकदवान आहे. तसल्या वेगाला काही नळ्यांत शिसं बसायला लागतं आणि नेम हळूहळू बिघडतो. तिथं छऱ्यावर अगदी पुसट, सगळीकडं सारखा थर दिला तर नळी जास्त वेळ स्वच्छ राहते. दमट हवेत शिशावर पांढरी भुकटी धरते, तीही थांबते. सरांनी हे मान्य केलं. पण त्यातही नळीला त्या थराची सवय व्हायला बरेच बार जातात आणि मार लागायची जागा सरकते. मग दुर्बीण नव्यानं जुळवायची. आणि चिक्याला ते तेल दिलं कधी? स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात! मला राग आला तो ह्याचाच. तयार झालेल्या पोराच्या हातात शेवटच्या घडीला नवं काही देऊ नये, मग ते तेल असो की नवा बूट.

"मग करायचं काय पोरानं?" कॅप्टननं विचारलं. आवाज उतरला होता.

चिक्याला माहीत होतं. मोठे नेमबाज रायफल शिकंज्यात आवळून वेगवेगळ्या लॉटचे (कारखान्यात एका खेपेला बनलेल्या मालाचे) छर्रे मारून बघतात आणि ज्या लॉटची भोकं सगळ्यात जवळजवळ पडतात तोच घेतात. डोक्याचं माप ४.४९, ४.५० असं डबीवरच लिहिलेलं असतं, आपल्या नळीला कुठलं बसतं ते शोधायचं. घेर दबलेला छर्रा बाजूला टाकायचा. नळी ठरावीक बारांनंतर नमद्याच्या गोळ्यांनी साफ करायची. बास. बाटलीचं काम कुठंच नाही.

"पण लॉट निवडायला डब्या कुठून आणायच्या? आम्हाला मिळते ती एक डबी," चिक्या म्हणाला. ह्यावर कुणाकडंच उत्तर नव्हतं. खरा वाद ह्याच्यावर व्हायला पाहिजे आणि तो कट्ट्यावर होत नाही.

इतक्यात बापूनं शेंगाचटणीची पुडी आणि कडक भाकरी सोडली. चिक्यानं हात पुढं केला, आणि सर एवढ्या जोरात ओरडले की गाड्यावरचा पोऱ्या दचकला. "हात! शिसं आहे ते! साबणानं धू आधी!" तेलानं शिसं बोटाला जास्तच माखतं. बापूचे वडील तर छर्रे तोंडात धरून भरायचे. बापूनं ते आज पहिल्यांदा अभिमानानं सांगितलं नाही.

शेवटी ठरलं असं: रविवारी रेंजवर चिक्या मारणार, निम्मे छर्रे कोरडे, निम्मे तेलाचे. कुठला कुठला ते त्याला कळू द्यायचं नाही. हरणाऱ्यानं चिक्याला दोन वेगळ्या लॉटच्या डब्या घेऊन द्यायच्या.

"भरून कोण देणार?"

"मी देतो," बापू म्हणाला.

"तू? माशी वाकडी करणाऱ्याच्या घरातला?" कॅप्टन ओरडला. "मामा, हा आत्ताच सेटिंग करतोय!"

"तूच भर मग. पण टोपी काढून. त्यात काय लपवलंय कुणाला माहीत."

बापूनं टोपी ओढली, कॅप्टन मागं धावला, आणि तेवढ्यात सरांचा फोन वाजला. घरून होता. पाचव्या दिवशी पाणी आलं होतं. तारीख पक्की करायची राहिली, मोटार लावायला निम्मा कट्टा उठून पळाला, आणि मामा मागून ओरडत होते, "अरे चहाचे पैसे कोण देणार बे?"