पडद्याला धडाधड, पुराला पावती दाखवा

चार तासांत अठरा हजार! कशासाठी? तर २ नोव्हेंबर २०२५ला आपल्या पोरींची वर्ल्ड कप फायनल होती, म्हणून सोसायटीच्या आवारात मोठा पडदा लावायचा. मॅच आमच्या नेरूळातल्याच डी. वाय. पाटील स्टेडियमवर, इथून रिक्षाने दहा मिनिटांवर, तरी पडदा हवाच. असो. ग्रुपवर मेसेज पडला आणि लागले सगळे धडाधड जीपे करायला.

सप्टेंबरअखेर पूरग्रस्तांसाठी मी दारोदार फिरले. माझं माहेर सोलापूरकडे माढा तालुक्यात, सीना नदीच्या काठावर. दोन विंगांचे जिने झिजवले तेव्हा कुठे एकतीसशे रुपये हातात आले. वर प्रवचन फुकट. "पैसे खरंच पोचतात का हो?" "सरकार देतंय की!" "पावती मिळेल ना?" अहो काका, पडदेवाल्याकडे मागितलीत का पावती?

भाऊबीजेला गेले होते गावी. मागची मातीची भिंत बसलेली, तिथे ताडपत्री. ज्वारीच्या पोत्यात हात घातला तर आत गरम, आंबूस वास, आणि बोटांना कोंब लागले. वहिनी पोराच्या वह्यांची पानं एकेक सोडवून दोरीवर वाळत घालत होती. सरकारी दरपत्रकात कच्च्या घराच्या पडझडीला ४ हजार. पूर्ण घर गेलं तर १ लाख २० हजार. एवढ्यात घर बांधून दाखवा कुणीतरी. पाया तरी!

खेळाडूंना पैसे देऊ नका असं नाही म्हणत मी. बीसीसीआयने पोरींना ५१ कोटी जाहीर केले, छान केलं, त्यांच्या तिजोरीतले आहेत. पण जुलै २०२४मध्ये राज्य सरकारने टी-२ वर्ल्ड कप जिंकणाऱ्यांना विधान भवनात ११ कोटी जाहीर केले ते आपले. त्याच महिन्यात इर्शाळवाडीच्या दरडीला वर्ष झालं, वाचलेली माणसं अजून कंटेनरमध्येच होती. लांब नाही, पनवेलच्या पुढे चौक गावाजवळ. त्या ११ कोटींसाठी कुणी पंचनामा मागितला? सातबारा कुणाच्या नावावर आहे, विचारलं?

आणि मी तरी काय मोठी शहाणी! फणफणत खाली उतरले, पडद्याचे पाचशे मीही दिलेच होते. पावसामुळे मॅच दोन तास उशिरा सुरू झाली, तरी खुर्ची सोडली नाही. हरमनप्रीतने शेवटचा कॅच घेतला तेव्हा त्याच पावतीवाल्या काकांच्या बायकोला मिठी मारून रडले.

सकाळी सातला भावाचा फोन. वाटलं, भिंतीचं काहीतरी असणार.

"आक्का, तुझ्या नेरूळात जिंकलो की गं आपण! मोबाईलवर बघितली सगळ्यांनी, ताडपत्रीत बसून. तू गेलतीस का स्टेडियमात?"