ताकात झिओलाइट? मामा, ती पावडर आधी बंद करा

गावोगावच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘मराठवाड्याची काळी माती म्हणजे ज्वालामुखीची राख. तिचंच झिओलाइट होतं. रोज चमचाभर ताकातून घ्या, अंगातलं विष निघून जातं. एकरी एक पोतं टाका, खत-पाणी निम्म्यावर येतं.’ परभणीचे माझे मामा ही पावडर घ्यायला लागलेत, म्हणून लिहावं लागतंय.

आपल्याकडे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी पसरला तो मुख्यतः लाव्हा, राख नव्हे. लाव्ह्याचा बेसॉल्ट झाला, तो झिजून काळी माती झाली. राखेचं झिओलाइट, म्हणजे बारीक छिद्रांचं, पाणी आणि क्षार धरून ठेवणारं खनिज, होतं हे मात्र खरं. राख म्हणजे बारीक काच. पाण्यात ती हळूहळू विरघळते आणि तिच्यातून बेंटोनाइटसारखी चिकणमाती तयार होते. पाणी खारं, अल्कधर्मी असेल तर बऱ्याचदा झिओलाइट.

पण झिओलाइट हे एकच खनिज नाही, ते अख्खं कुटुंब आहे. त्यातलंच एक एरिओनाइट. तुर्कस्तानात कॅपाडोशियातल्या कराइन, तुझकोय या गावांच्या आसपास ज्वालामुखीच्या राखेच्या खडकात त्याचे सुईसारखे तंतू आहेत. लोकांनी त्याच दगडाची घरं बांधली, धूळ श्वासातून जात राहिली आणि फुप्फुसाच्या आवरणाच्या कर्करोगाने घरंच्या घरं गेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८७ साली एरिओनाइटला पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसाला कर्करोग करतं हे सिद्ध. बाकीच्या झिओलाइटवर असा ठपका नाही, मान्य. पण मामांच्या पाकिटावर खनिजाचं नावच नाही! ‘शुद्ध नैसर्गिक’ एवढंच छापलंय, आणि पाकीट फोडलं की पिठासारखी धूळ उडते. एरिओनाइटसुद्धा नैसर्गिकच आहे. शिवाय मामा बीपीची गोळी त्याच ताकाबरोबर घेतात. अशी पावडर पोटात औषधही धरून ठेवू शकते. जुलाबावर स्मेक्टाइट नावाच्या चिकणमातीची पुडी देतात, तेव्हाही बाकीच्या गोळ्या वेगळ्या वेळी घ्यायला सांगतात ते त्यामुळेच.

राहिलं शेत. झिओलाइट खतातलं अमोनियम (नत्राचं एक रूप) धरून ठेवतं, हलक्या वाळूसर जमिनीला त्याचा उपयोग होतो. आपल्या भारी जमिनीत ते काम काळ्या मातीतलं हेच स्मेक्टाइट आधीच करतंय. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या त्याच्यामुळेच. आणि एकरात वरच्या वीतभर थरातच हजारेक टन माती असते. पन्नास किलोचं पोतं म्हणजे वीस हजार भागांत एक भाग. तेवढ्याने पाणी निम्म्यावर येत नाही.