पन्नासचा आकडा

अंडी उबवायचा इन्क्युबेटर घरी आणला तेव्हा वाटलं होतं की कोंबडीची अंडी ठेवायची, बटण दाबायचं आणि २१ दिवसांनी चिवचिवाट ऐकायचा. टेंपरेचरचं तसं झालंही, ३७.५ अंशांना लावलं की ते बापडं ३७.५ ला बसून राहतं. छळ मांडला तो ह्युमिडिटीने, म्हणजे आतल्या हवेतल्या दमटपणाने. पहिले १८ दिवस ४५ ते ५० टक्के पाहिजे आणि ती मोजणारा माझा काडेपेटीएवढा हायग्रोमीटर दाखवतोय ३३.

झालं, लागलो कामाला. आतल्या खाचेत काठोकाठ पाणी भरलं, आकडा ढिम्म. आणखी ओतलं, सांडलं, पुसलं, तरी ढिम्म. दुसऱ्या दिवशी डोक्यात उजेड पडला की पाणी किती खोल आहे त्याला काही अर्थ नाही, ते किती पसरलंय त्यावर सगळं अवलंबून. मग भांडी घासायचा एक नवा कोरा स्पंज भिजवून आत ठेवला आणि आकडा चढत चढत ५० ला आला! मी घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवला. सगळ्यांनी बघितला, कुणाला काहीही वाटलं नाही.

त्यानंतर त्या पन्नासला मी जिवापाड जपलं. ४८ झाला की स्पंज भिजव, ५३ झाला की झाकणाची भोकं उघड, रात्री दोनला उठून टॉर्च मारून बघ. बायको कूस बदलत म्हणाली, "मला ताप आला होता तेव्हा एकदा तरी उठला होतास का रे?" आई वेगळंच म्हणाली, खुडूक कोंबडीच्या पोटाखाली कधी मीटर बघितलास का. दोन्ही प्रश्नांना उत्तर नव्हतं म्हणून मी परत आकडा बघायला गेलो.

दहाव्या दिवशी घोळ कळला, तोही फुकटात. पहिल्या दिवशी मी उगाचच बाराही अंडी किचनच्या काट्यावर ठेवून वजन लिहून ठेवलं होतं, ६७२ ग्रॅम. अंड्यातलं पाणी हळूहळू उडून १८ दिवसांत साधारण १२-१३ टक्के वजन घटायला हवं, म्हणजे एव्हाना ६२५ च्या आसपास. काटा म्हणतोय ६४०. टॉर्चवर धरलं तर बोथट टोकाची हवेची पोकळीही चिमुकलीच. अशीच राहिली तर पिल्लू आतल्या आत गुदमरायचं.

मग हायग्रोमीटरची परीक्षा घेतली. मीठ दोन-चार थेंब पाण्यात ओलसर करायचं, विरघळू द्यायचं नाही, मीटरसोबत पिशवीत हवाबंद करून सात-आठ तास ठेवायचं, आतली हवा ७५ टक्क्यांवर येते. माझ्या महाशयांनी दाखवले ५८. सरळ १७ ने कमी! म्हणजे पहिल्या दिवशीचे ३३ हे खरे ५० होते हो. काहीही न करता अगदी बरोबर होतं आणि मी स्पंज घालून, झोपमोड करून ते ६७ वर नेऊन बिघडवलं. हे मी घरात कुणाला सांगितलं नाही.

पुढचे आठ दिवस स्पंज बाहेर, खाच कोरडी, मीटरकडे पाठ, फक्त काटा. अठराव्या दिवशी ५९०. हुश्श.

आता अंडी रोज फिरवायची ते बंद, झाकण बंद आणि ह्युमिडिटी वाढवायची ६५ ते ७० वर, नाहीतर पिल्लू कवच फोडत असताना आतलं पातळ कातडं वाळून त्याच्या अंगाला चिकटतं. मी ६७ धरले, त्यातून १७ वजा केले. आले ५०. तोच तो! स्पंज परत आत गेला, बायकोने बघितलं आणि ती नुसती हसली.

एकविसाव्या दिवशी पहाटे एका अंड्याला टिचकी मारल्यासारखी चीर पडली. आई म्हणाली, उघड, जरा सोलून दे बिचाऱ्याला. मी झाकणावर हात ठेवून बसलो, कारण उघडलं की सगळा दमटपणा भस्सकन बाहेर. चौदा तास चाललं ते. कवच गोल फिरत फिरत फुटलं, ओलं चिंब, बेंगरूळ पिल्लू बाहेर पडलं, काचेवर वाफ धरली. आता किती झाली असेल, ६८? ७५? मी हाताने काच पुसली पण वाफ आतून होती. जरा वेळाने एक कोपरा स्वच्छ झाला तेव्हा दिसलं, पिल्लू हायग्रोमीटरवर फतकल मारून झोपलं होतं.