पहाटे उठायलाच हवं का?

नोकरी सांभाळून योगासनांत प्रगती कशी करायची, असं कुणी विचारलं की पहिलं उत्तर ठरलेलं असतं: पहाटे साडेचारला उठा. सांगणारा बहुधा रात्री नऊला गाढ झोपलेला असतो. ज्याची शेवटची मीटिंगच दहाला संपते त्याने साडेचारला उठायचं म्हणजे झोपेलाच कात्री लावायची. आणि ताण दिलेलं शरीर सावरतं ते झोपेतच. माझं मत स्पष्ट आहे. झोप मोडून आसनं करण्यापेक्षा त्या दिवशी न केलेली बरी.

पहाटे शांतता असते, पोट रिकामं असतं, फोन वाजत नाही, हे सगळं कबूल. पण पाठीच्या कण्याचं काय? रात्रभर आडवं पडल्यावर मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात. सकाळी आपली उंची किंचित जास्त भरते ती त्यामुळेच. अशा वेळी उठल्या उठल्या पुढे वाकलं की कमरेवर एरवीपेक्षा बराच जास्त ताण पडतो. उलट संध्याकाळी शरीराचं तापमान वाढलेलं असतं, सांधे मोकळे झालेले असतात. तेव्हा ऑफिसनंतर आसनं करणाऱ्याने उगीच ओशाळं व्हायचं कारण नाही. जेवण होऊन तीन-चार तास गेलेले असले म्हणजे झालं.

संध्याकाळची खरी अडचण आहे खुर्ची. दिवसभर बसून जांघेतले स्नायू आखडतात, मांडीच्या मागच्या शिरा तर विचारूच नका. तशात थेट पश्चिमोत्तानासनाला, म्हणजे पाय समोर पसरून पुढे वाकायला, बसलात तर कंबर मागेच कलंडलेली राहते, पाठीला पोक येतं आणि हात मात्र अंगठ्यापर्यंत पोचतात. फोटोत झकास दिसतं. मी आधी एक गुडघा मागे जमिनीवर टेकवून जांघ सावकाश मोकळी करते. मग ब्लँकेटची जाड घडी घालून तिच्या कडेवर बसते. बैठक तेवढी उचलली गेली की कंबर आपोआप पुढे झुकते आणि वाक पाठीतून न येता खुब्यातून येतो. गुडघे थोडे वाकले तरी वाकू देते. अंगठे लांब राहतात, राहोत. माझ्या लेखी प्रगती ती हीच.

शीर्षासनाचं म्हणाल तर स्क्रीनपुढे मान काढून दिवस घालवल्यावर त्याच मानेवर आणखी भार कशाला? अशा दिवशी भिंतीला पाय लावून विपरीत करणी पुरते. शवासन मात्र कापू नये. घाईत सगळे नेमकं तेच कापतात.

मला विचाराल तर नोकरदाराने आसनांची संख्या वाढवायच्या फंदात पडूच नये. हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात आसनं सांगितली आहेत ती 15 आणि पतंजलींच्या योगसूत्रांत आसनावर सूत्रं आहेत अवघी 3. चार-पाच आसनं निवडावीत, महिनोन्‌महिने तीच करावीत. वेळ कमी असला तर त्यातली दोन करावीत, पण श्वासाला घाई न करता.

आणि शिस्तीचे दाखले देणाऱ्यांसाठी एक गंमत. त्याच हठप्रदीपिकेने योग बिघडवणाऱ्या सहा गोष्टी मोजल्या आहेत. अति खाणं, अति श्रम आणि वायफळ बडबड यांच्या पंगतीत तिथे नियमांचा हट्टही बसवलाय! पुढे तर पहाटेची स्नानं, उपास असल्या शरीराला शिणवणाऱ्या गोष्टी टाळा असंही सांगितलंय. पहाटेच्या नावाने प्रवचन देणाऱ्या मंडळींच्या नजरेतून हा भाग नेमका कसा सुटतो कोण जाणे.

रात्रपाळीवाल्यांचं गणित मात्र मला अजून नीट उमगलेलं नाही. पाळी दर आठवड्याला बदलते त्यांनी काय करावं? कामावरून आल्यावर झोपेआधी करता, की उठल्यावर? तुमच्यापैकी कुणी हे जमवलं असेल तर खाली सविस्तर लिहा.